प्रकल्प नोंदी: डोळा कुठे थांबतो

नववी-दहावीचा विज्ञान प्रकल्प, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

२८ जुलै

तालुका विज्ञान प्रदर्शनीसाठी यंदाचा विषय पक्का झाला: डोळ्यांच्या हालचाली आणि दिसणं यांचं नातं. दहावीच्या पुस्तकात भिंगांच्या पाठात डोळा येतो. पारपटल, बुबुळ, भिंग, दृष्टिपटल, उलटी प्रतिमा. मुलं आकृती काढतात, नावं देतात, गुण मिळवतात. पण त्या आकृतीतला डोळा जागचा हलत नाही. खरा डोळा जागेपणी सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलतो. तो का बदलतो, हे कळल्याशिवाय 'दिसतं कसं' याचं उत्तर अर्धंच राहतं. पाठ जिथे संपतो तिथून आम्ही सुरुवात करणार.

३१ जुलै

पहिला प्रयोग रंगीत खडूंचा. मुलीला समोरच्या फळ्यावरच्या ठिपक्याकडे एकटक पाहायला सांगितलं. दुसऱ्याने मागून, कानाच्या बाजूने, एक खडू हळूहळू पुढे आणला. रंग आधी सांगायचा नाही.

"सर, काहीतरी हलते हे कळते. पण काय हाय थे नाई कळत," ती म्हणाली. खडू बराच पुढे आल्यावर तिला रंग कळला. खडूवर पेनाने काढलेलं अक्षर मात्र खडू ठिपक्याच्या अगदी जवळ येईपर्यंत वाचता आलं नाही. सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तसंच झालं.

कारण दृष्टिपटल सगळीकडे सारखं नाही. मधोमध पीतबिंदू आहे आणि त्याच्या मध्यावर एक बारीक खळगा. रंग आणि बारकावा टिपणाऱ्या शंकुपेशी तिथे दाटीने असतात, बाहेर जावं तशा विरळ होतात. हात ताठ पुढे धरून अंगठ्याकडे पाहिलं, तर अंगठ्याच्या रुंदीएवढा, म्हणजे सुमारे २ अंशांचा भाग खरा स्पष्ट दिसतो. बाकी सगळं अंधुक. तरी आपल्याला पूर्ण वर्ग, पूर्ण शेत, पूर्ण आभाळ एकदम स्पष्ट दिसतंय असंच वाटत असतं.

मुलांना समजावताना मी जागलीचं उदाहरण दिलं. रात्री पीक राखायला मचाणावर बसलेला माणूस बॅटरीचा झोत सगळ्या वावरावर एकाच वेळी टाकू शकत नाही. कुठे खसफस झाली की झोत तिकडे वळवतो. नजरेची कड म्हणजे ती खसफस, आणि पीतबिंदू म्हणजे झोत. कड सांगते 'तिकडे काहीतरी आहे', मग डोळा तिकडे उडी मारतो.

२ ऑगस्ट

आरशाचा प्रयोग. हा प्रत्येक घरात होऊ शकतो आणि मला सगळ्यांत आवडतो.

आरसा हातभर अंतरावर धरायचा. त्यात आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहायचं, मग उजव्या डोळ्याकडे, पुन्हा डाव्या. आपले डोळे हलताना दिसतात का? कोणालाच दिसले नाहीत. शेजारी उभ्या मैत्रिणीला मात्र ते सरळ हलताना दिसत होते. "तुये डोये हलून राहिले ना वं!" "नाई हलत, मी पायतो ना आरशात!" बराच वेळ वाद चालला.

अमेरिकेतल्या रेमंड डॉज यांनी १९०० साली हेच निरीक्षण मांडलं. नजर उडी मारते तेव्हा डोळ्याचा वेग सेकंदाला काहीशे अंश एवढा असतो. दृष्टिपटलावरून सगळं दृश्य फराटा मारल्यासारखं सरकून जातं. तो फराटा आपल्याला जाणवत नाही, कारण उडीच्या त्या क्षणी मेंदूची दृष्टीची संवेदना मंदावते. शिवाय उडीच्या आधीचं आणि नंतरचं स्पष्ट चित्र मधल्या पुसट चित्राला झाकून टाकतं. या दोन्हींतला वाटा नेमका कोणाचा किती, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे.

मग मोबाईलचा सेल्फी कॅमेरा आरशासारखा धरला. आता स्वतःचे डोळे हलताना दिसले! फोन चित्र पडद्यावर आणायला किंचित वेळ लावतो, तोवर आपली उडी संपून डोळा थांबलेला असतो. थांबलेल्या डोळ्याला मागची उडी दिसते. हे कारण दहावीतल्या एका मुलाने स्वतः शोधून काढलं. मी फक्त 'आरशात आणि फोनमध्ये फरक काय' एवढंच विचारलं होतं.

वर्गातल्या घड्याळाकडेही करून पाहिलं. नजर एकदम सेकंदकाट्यावर नेली की पहिला सेकंद जरा लांबलेला वाटतो, काटा क्षणभर थांबल्यासारखा. २००१ साली या भासावर शोधनिबंध आला. उडीत गेलेला वेळ मेंदू पुढच्या चित्राच्या खात्यात जमा करतो, असं त्याचं स्पष्टीकरण.

९ ऑगस्ट

वाचन. मराठीच्या पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स घेतली, दोन ओळींच्या मधे बारीक भोक पाडलं. एक जण कागद धरून मनात वाचतो, दुसरा मागून भोकाला डोळा लावून त्याचा डोळा पाहतो. खर्च शून्य.

"सर, याचा डोया सरकतच नाई, उड्या मारते!"

पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७८-७९ च्या सुमारास नेमकं हेच लक्षात आलं होतं. तोवर समज असा, की नजर ओळीवरून सलग घसरत जाते. जर्मन शास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी त्याच काळात पापणीला रबरी नळी लावून डोळ्याच्या स्नायूंचा आवाज ऐकला आणि उड्या मोजल्या. अमेरिकेतल्या एडमंड ह्यूई यांनी तर डोळ्यावर प्लॅस्टरची बारीक वाटी बसवून तिला काडी जोडली होती, काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ ओढायचं. आमचा नियम मी फळ्यावर लिहून ठेवला आहे: डोळ्याला काहीही लावायचं नाही, बोटसुद्धा नाही.

डोळा प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद राहतो. अक्षरं वाचली जातात ती थांब्यावर. उडी सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावी इतकी छोटी. आणि मधूनमधून डोळा मागेही जातो. चांगल्या वाचकाचाही जातो, हे मुलांना ठासून सांगितलं. इंग्रजी वाचणाऱ्यांवर १९७५ पासून झालेल्या प्रयोगांतून दिसलं, की एका थांब्यावर वाचक नजरेच्या डावीकडची तीन-चार अक्षरं आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं वापरतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, तिथे ही बाजू उलटते. म्हणजे हा कल डोळ्यात बसवलेला नाही, तो वाचनाच्या सवयीतून येतो. आपल्याकडे शिरोरेघ आहे, वर रफार, खाली उकार आहेत. मराठी ओळीत हा आवाका किती पडतो, हे शोधण्याइतकी साधनं आमच्याकडे नाहीत, पण प्रश्न वहीत लिहून ठेवला.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. आमच्या गटात एक मुलगा हळू वाचतो. भोकातून पाहणाऱ्याला दिसलं, की जोडाक्षर आलं की त्याचा डोळा मागे जातो, पुढे येतो, परत मागे. तो किती काम करतो आहे हे त्याच्या सोबत्याने पहिल्यांदा पाहिलं. अशा मुलांना आपण 'लक्ष नाही' म्हणतो. लक्ष आहे, भरपूर आहे. ओळीखाली बोट धरून वाचू नको, असं मी तरी यापुढे कोणाला सांगणार नाही.

२१ ऑगस्ट

नोंद करण्याची व्यवस्था. गावातल्या सुताराने बाभळीच्या पट्ट्यांची हनुवटी टेकवायची चौकट करून दिली. डोकं स्थिर राहिलं तरच डोळा हलला की डोकं, हे वेगळं काढता येतं. समोर मोबाईल, खिडकीचा उजेड बाजूने. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, त्यात पाव सेकंदाचा थांबा सात-आठ चित्रांत पकडता येतो, पण उडी एखाद्या चित्रात पुसट होऊन जाते. एका पालकाच्या फोनमध्ये २४० चित्रांचा स्लो मोशन आहे. त्यात उडी सुटी सुटी दिसते: बुबुळ निघालं, वेग घेतला, थांबलं. संपूर्ण गट एका फोनभोवती वाकून तेच पुन्हा पुन्हा पाहत होता.

फळ्यावर नऊ खुणा करून प्रत्येक खुणेकडे पाहताना बुबुळ कुठे असतं ते आधी टिपून घेतो. मग चित्राच्या नऊ भागांपैकी कोणत्या भागाकडे नजर आहे, इतपत सांगता येतं. मोठ्या प्रयोगशाळांतली यंत्रं इन्फ्रारेड उजेड डोळ्यावर टाकून त्याची पारपटलावरची चकाकी मोजतात. तसला घरगुती दिवा आम्ही करणार नाही. लेझर तर नाहीच.

२९ ऑगस्ट

आठवडी बाजाराचा मोठा फोटो भिंतीवर लावला. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी इल्या रेपिन यांच्या एका चित्रावर असा प्रयोग केला होता. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. घरात अचानक पाहुणा येतो असा त्या चित्रातला प्रसंग. माणसांची वयं सांगा म्हटलं की बघणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर फिरायची, घर सुखवस्तू आहे का असं विचारलं की कपड्यांवर आणि सामानावर जायची. चित्र तेच, डोळा तोच, प्रश्न बदलला की वाट बदलली.

आमच्याकडेही तसंच झालं. काहीच न विचारता दाखवलं तर चेहरे आणि दुकानाच्या पाट्या. 'आज कोणती भाजी जास्त आली असेल' विचारलं तर नजर खाली ढिगांवर. 'पाऊस येईल का' विचारलं तर वरच्या कोपऱ्यातल्या आभाळाकडे, आणि मग एका मुलीची नजर बाजारात कोणी ताडपत्री बांधली आहे का तिकडे. तिला हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

५ सप्टेंबर

बैलाच्या गळ्यातली घाटी दोरीने टांगून झोका दिला. तिच्यामागे डोळा सलग फिरतो, उड्या नाहीत. मग घाटी काढून घेतली आणि तशीच नजर हवेत सलग फिरवा म्हटलं. जमत नाही, लगेच उड्या सुरू. सलग फिरायला डोळ्याला समोर हलतं काहीतरी लागतं.

दुसरी जोडी: पुस्तक हातात जोरात हलवा, वाचता येत नाही. पुस्तक स्थिर ठेवून मान तेवढ्याच जोरात हलवा, वाचता येतं. आतल्या कानातली तोल सांभाळणारी नळ्यांची रचना मानेची हालचाल डोळ्यांच्या स्नायूंना कळवते, आणि सुमारे सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे उलट दिशेला तेवढेच वळतात. डांबर उखडलेल्या रस्त्यावरून एसटीने येताना समोरची पाटी वाचता येते ती यामुळेच.

११ सप्टेंबर

फिक्या रांगोळीचा मोठा पसरट ठिपका, मधोमध काळी टिकली. टिकलीकडे न हलता पाहत राहिलं की काही सेकंदांत रांगोळी विरून जाते. स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ साली हे लिहून ठेवलं. नजर जराशी हलवली की रांगोळी परत. यार्बस यांनी डोळ्याबरोबरच हलणारं चित्र दाखवून सिद्ध केलं, की दृष्टिपटलावर प्रतिमा खरोखरच अचल झाली तर ती काही सेकंदांत नाहीशी होते. आपण 'टक लावून' पाहतो तेव्हाही डोळा बारीक थरथरतो, सरकतो, छोट्या उड्या घेतो. बदल होत राहिला तरच पेशी कळवत राहतात.

१८ सप्टेंबर

आता कापूस. हा प्रकल्प मला इथेच आणायचा होता.

आपल्या भागात या दिवसांत गुलाबी बोंडअळीची धास्ती असते. २०१७ चा हंगाम कोणी विसरलेलं नाही. अळी फुलात शिरली की आतून रेशमासारख्या धाग्याने पाकळ्या जखडते. फूल उमलत नाही, पिळलेलं, मिटलेलं राहतं. तीच डोमकळी. ती वेळेत दिसली, तोडून अळीसकट नष्ट केली, तर पुढचं नुकसान कमी होतं. आणि प्रत्येक घरात हे वाक्य असतं: "डोये हायत का बटनं? समोर हाय ना!" मुलाला डोमकळी दिसत नाही, आईला वावरात शिरताच दिसते. नजर दोघांची चांगली. मग फरक कुठे?

एका पालकाच्या वावरात उभ्या पिकाचा फोटो काढला. त्यात पिवळसर ताजी फुलं, गुलाबी झालेली फुलं, पात्या (न उमललेल्या कळ्या), हिरवी बोंडं आणि काही डोमकळ्या. यवतमाळहून त्याचा फ्लेक्स छापून आणला.

२४ सप्टेंबर

फ्लेक्ससमोर आधी मुलं बसली. बहुतेकांची नजर गुलाबी फुलांवर जाऊन थांबली, पुन्हा पुन्हा थांबली. हिरव्यात गुलाबी रंग उठून दिसतो, नजरेची कड तो पकडते आणि डोळा तिकडे ओढला जातो. दोघांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातून ओळ वाचावी तसं सुरू केलं. एकाची नजर तर डोमकळी असलेल्या भागावर येऊन गेली, थांबली सुद्धा, आणि तरी त्याने ती सांगितली नाही. व्हिडिओ दाखवला तर त्याला पटेना. नजर जाणं आणि दिसणं या दोन गोष्टी आहेत, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

मग गटातल्या एका मुलीची आई आणि शेजारच्या दोन मावशी आल्या. व्हिडिओत फक्त डोळे येतील, नोंद झाली की पुसून टाकू, हे आधी सांगितलं आणि त्यांची संमती घेतली. त्यांनी वर्षानुवर्षं निंदण, फवारणीचं पाणी, वेचणी केलेली आहे.

मुलीच्या आईचा व्हिडिओ आम्ही चित्रागणिक पाहिला. पानांवर थांबा जवळपास नाही. गुलाबी फुलांवरून नजर न थांबता पलीकडे. पिवळसर फुलावर छोटा थांबा, पुढच्या पिवळसर फुलावर, मग एका ठिकाणी जरा जास्त वेळ, आणि बोट वर झालं. डोमकळी. तिला विचारलं, काय पाहता?

"अख्खं झाड कोन पायते जी? पिवयं फूल तोंड मिटून बसलं का, तेवढंच पायतो मी. गुलाबी झालं थे कालचं. उमलून गेलं. त्याच्यात काय पायाचं?"

कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. उमललेलं फूल डोमकळी असूच शकत नाही, म्हणून गुलाबी उघडी फुलं तिने तपासातून काढूनच टाकली होती. आणि ही गाळणी नजरेच्या कडेवर लागत होती: ज्यांच्यावर डोळा थांबलाच नाही, तीच तिने आधी ओळखून सोडून दिली होती. मुलांच्या डोळ्यांना रंग ओढत होता, तिच्या डोळ्यांना प्रश्न चालवत होता. यार्बस यांच्या चित्रात जे होतं तेच आमच्या फ्लेक्सवर झालं, फक्त इथे प्रश्न तिने स्वतःच स्वतःला घातला होता.

२६ सप्टेंबर

मुलांना तिचेच शब्द दिले: झाड पाहू नका, गुलाबी सोडा, पिवळसर फूल मिटलेलं आहे का तेवढं पाहा. फोटो वेगळा वापरला, म्हणजे पाठांतराचा प्रश्न नको. थांब्यांचा नकाशा बदलला. गुलाबी फुलांवरचा मुक्काम कमी झाला, पिवळसर फुलांवर थांबे वाढले, आणि परवा ज्याची नजर डोमकळीवर थांबूनही काही बोलली नव्हती त्याने पहिली डोमकळी सांगितली. सगळं जमलं असं नाही. मिटलेली साधी पाती आणि डोमकळी यांत गोंधळ होतो. मावशींना हा फरक कसा कळतो हे विचारायचं आहे.

फ्लेक्स म्हणजे वावर नाही, हेही लिहून ठेवतो. वावरात वारा असतो, उन्हाची तिरीप असते, माणूस चालत असतो, झाड हाताने बाजूला करतो.

३ ऑक्टोबर

सुट्टीत मुलं मैदानावर. गटाबाहेरच्या मुलांना ओढण्यासाठी क्रिकेटचं सांगितलं. मायकल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून पाहिलं: फलंदाज पूर्ण वेळ चेंडूवर नजर ठेवत नाही. चेंडू सुटताना पाहतो, मग टप्पा जिथे पडेल तिथे आधीच उडी मारून वाट पाहतो. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. 'चेंडूवरून नजर काढू नको' हा सल्ला देणारा फलंदाजही स्वतः तसं करत नसतो. आता संध्याकाळी मैदानात या एका वाक्यावरून भांडणं होतात.

१९ डिसेंबर

प्रदर्शनी. दिवाळी, परीक्षा आणि वेचणीत मधले दिवस गेले. वेचणीच्या काळात अर्धी मुलं वावरात असतात.

मांडणीत तीनच गोष्टी ठेवल्या: आरसा आणि फोन, भोकाचा कागद, फ्लेक्स. परीक्षकांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मुलीने उत्तर दिलं नाही. फ्लेक्ससमोर खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "सर, यात डोमकळी दाखवा." त्यांची नजर गुलाबी फुलांवर फिरली. तिने त्यांना आईचं वाक्य सांगितलं. दुसऱ्या फोटोत त्यांना सापडली. त्यानंतर ते बराच वेळ थांबले, आरशाचा प्रयोगही करून गेले.

गुणांचं कळेल तेव्हा कळेल. फलकावर 'मार्गदर्शक' म्हणून त्या तिघींची नावं माझ्या नावाच्या वर लिहावीत हा मुलांचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता.

४ जानेवारी

कृषी सहायकांनी फ्लेक्स शेतीशाळेसाठी मागितला आहे. द्यायचा, पण सोबत मुलीची आई किंवा मावशींपैकी एक जण बोलायला असावी, आणि तिला त्या दिवसाची मजुरी मिळावी, असं कळवलं. पुढच्या हंगामात टोपीवर फोन बांधून खऱ्या वावरात नोंद घेऊ. पाती आणि डोमकळी यांतला फरक मावशी कशावरून ओळखतात, हा पहिला प्रश्न. मराठी ओळीतल्या आवाक्याचा दुसरा. फोटोंसाठी वावर देणारे पालक ठरले आहेत, मृगाच्या पेरणीनंतर फुलं धरली की कळवतील.